गोड्या पाण्यातून खाऱ्यात : चार फुटी टँकचा रीफ करावा का? (पुणे)

मुठाकाठ | ३ मार्च, रात्री १०:४१

राम राम मंडळी.

चौदा वर्षं मासे पाळतोय. सुरुवात सगळ्यांची होते तशीच, बरणीतल्या गप्पींपासून. मग गोल्डफिश मारून झाले (त्या पापाचा हिशेब वर होईल), मग एंजल, मग टेट्रांचा थवा, आणि गेली पाच वर्षं चार फुटी प्लँटेड टँक. ४ बाय दीड बाय दीड, म्हणजे भरून अडीचशे लिटर. कॅनिस्टर (बाहेरून जोडायचा बंद फिल्टर) आहे, झाडांसाठी सीओटू आहे, सगळं सुरळीत आहे. इतकं सुरळीत की करायला काही उरलेलं नाही. रविवारी पाणी बदलायचं आणि माळ्यासारखी झाडं छाटायची.

डिसेंबरात मालवणला गेलो होतो. पाणी तसं गढूळच होतं, पण किल्ल्याजवळ नावाड्याने एका खडकापाशी नेलं, मी डोकं पाण्यात घातलं आणि एक पट्टेवाला मासा थेट माझ्या मास्कवर येऊन चोच मारून गेला. त्याच्या मागे खडकावर काहीतरी जिवंत हलत होतं. तेव्हापासून घरचा टँक बघितला की मंडईतला पालेभाजीचा गाळा दिसतो.

तर प्रश्न असा. आहे तोच टँक रीफ, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) असलेला खाऱ्या पाण्याचा टँक, करता येईल का, की नवा घ्यावा? तिसरा मजला, सिंहगड रस्ता, खडकवासल्याचं पाणी. स्टँड लोखंडी अँगलचा. बजेट ८० हजार. घरी ५० सांगितलंय. बायकोच्या अटी दोनच: हॉलमध्ये घरघर नको, आणि गणपतीत गावाला जायचं म्हणजे जायचं.

ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. ज्यांनी करून सोडलंय त्यांनी जास्त सांगा.

खाराशेंगदाणा | ३ मार्च, रात्री १०:५८

घरी ५० सांगितलंत ना? मग तुम्ही ८० नाही, दीड लाख धरा. घरी मात्र ५० च राहू द्या.

झुळूक | ३ मार्च, रात्री ११:२०

वाचतेय. लेकीला तो केशरी-पांढरा मासा हवाय. दुकानदार म्हणाला, काही नाही हो ताई, पाण्यात मीठ टाकायचं की झालं.

अर्धवट_डिस्कस | ४ मार्च, सकाळी ७:१५

सरळ सांगतो, करू नका. मी २०१६ ते २०१८ केलं. करून सोडलेल्यांनी सांगा म्हणालात म्हणून लिहितोय.

गोड्या पाण्यात आपण आळस करू शकतो. पंधरा दिवस पाणी बदललं नाही तर झाडं नायट्रेट खाऊन टाकतात, मासे नाक मुरडतात, पण जगतात. रीफमध्ये मी ऑफिसच्या कामासाठी सहा दिवस बाहेर होतो, परत आलो तर स्किमरचा (फेसातून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राचा) कप भरून वाहिलेला, वेव्हमेकर (टाकीत प्रवाह करणारा पंप) अडकलेला आणि हॉलला भाऊच्या धक्क्याचा वास. दोन टँग मासे गेले. तेव्हा त्यांची किंमत माझ्या पहिल्या मोबाइलपेक्षा जास्त होती.

आता गोड्या पाण्यातले डिस्कस मासे आहेत. लोक त्यांनाही नखरेल म्हणतात. म्हणोत.

लाटांकित | ४ मार्च, सकाळी ९:०२

नऊ वर्षं रीफ चालवतोय, औंधला. त्याआधी बारा वर्षं गोडं पाणी. थोडं सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

जुना टँक चालेल का, हे आधी स्टँडला विचारा. लोखंडी अँगल खाऱ्या पाण्याखाली दोन पावसाळे धड काढत नाही. मीठ चढतं. थेंब उडेल तिथे पांढरी पापडी धरते आणि ती वायरवरून रांगत रांगत प्लगपर्यंत जाते. माझा पहिला एक्स्टेन्शन बोर्ड असाच जळला. बोर्ड टाकीच्या खाली न ठेवता बाजूच्या भिंतीवर वर घ्या. वायरला प्लगच्या खाली एक झोळ द्या, म्हणजे ओघळ झोळाच्या तळाशी गळतो, प्लगमध्ये शिरत नाही. ईएलसीबी (वीजगळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. हे सगळं कोरलच्या आधी.

काच साधी फ्लोट असेल तर सम्पसाठी (खालच्या जोडटाकीसाठी) भोक पाडता येतं. टफन्ड असेल तर ड्रिल लावू नका, हॉलभर साबुदाणा होतो. आणि आजवर त्या टाकीत तांब्याचं औषध घातलं असेल तर आतली वाळू-दगड टाकून द्या. तांबं त्यात मुरतं आणि सावकाश सुटत राहतं. माशाला पचेल इतक्या तांब्याने कोळंबी, गोगलगाय, कोरल सगळं संपतं.

आता गोड्या पाण्यावरून येणाऱ्या प्रत्येकाची होते ती चूक. माझीही झाली. पाणी उडतं, मीठ उडत नाही. पहिल्या महिन्यात मी रोज सकाळी टाकी कमी झाली की खाऱ्या पाण्याने भरायचो, कारण "खारी टाकी आहे ना". महिन्याअखेर रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) आणला तर १.०३१! हवं १.०२५ ते १.०२६. गोगलगाई शिंपल्याचं दार लावून बसल्या होत्या आणि मला वाटत होतं त्या लाजाळू आहेत. रोजची भर साध्या आरओ-डीआय (गाळून सगळे क्षार काढलेल्या) पाण्याची घालायची. खारं पाणी फक्त पाणी बदलताना.

कॅनिस्टर काढा. त्याच्या स्पंजमध्ये घाण कुजून नायट्रेट वाढत राहतं. खाऱ्यात जिवाणूंचं घर म्हणजे दगड. सच्छिद्र दगड, जोरदार प्रवाह आणि स्किमर, एवढ्यावर निम्मं काम होतं. सायकल, म्हणजे घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू वाढू देणं, तुम्हाला माहीतच आहे, अमोनिया-नायट्राइट-नायट्रेट, चार ते सहा आठवडे. त्यासाठी डॅमसेल मासा सोडू नका. दुकानदार सांगेल. तो जगतो, टाकी आपल्या नावावर करून घेतो आणि नंतर येणाऱ्या प्रत्येकाला ठोकतो. त्याला पकडायला सगळे दगड बाहेर काढावे लागतात.

टँकरग्रस्त | ४ मार्च, सकाळी ९:४०

सिंहगड रस्तावाल्यांनी पाण्याची काळजी करावी म्हणजे कमाल आहे. माझ्या मीटरवर मामाकडे कोथरूडला नळाचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ९० दाखवला. आमच्याकडे वाघोलीला टँकरच्या बोअरचा ८५०. घरच्या आरओतून गेल्यावर ६०. मला वाटलं ६० म्हणजे उत्तम. तीन महिने हिरव्या केसाळ शेवाळाची शेती केली. मग कळलं की आरओनंतर डीआय रेझिन लागतं आणि मीटरवर भोपळा दिसला पाहिजे. आता मीटर शून्य दाखवतो. वाया जाणारं पाणी मोजलं तर तिप्पट. त्याने लादी पुसतो, गाडी धुतो, तरी उरतं. सोसायटीच्या ग्रुपवर "पाणी जपून वापरा" आलं की मी पुढचे दोन तास ऑफलाइन जातो.

खाराशेंगदाणा | ४ मार्च, सकाळी १०:०५

एवढा खटाटोप कशाला? अलिबागला जा, पाच कॅन भरून समुद्राचं पाणी आणा. फुकट.

टँकरग्रस्त | ४ मार्च, सकाळी १०:०७

तुम्ही अलिबागहून आलात का?

खाराशेंगदाणा | ४ मार्च, सकाळी १०:०८

माझी आई अलिबागची आहे. तीव्र निषेध.

लाटांकित | ४ मार्च, सकाळी ११:३०

विनोद सोडा, पण हे दर वर्षी कोणीतरी करतंच. किनाऱ्याजवळचं कोकणचं पाणी गाळाने भरलेलं. जूननंतर नद्यांचं गोडं पाणी मिसळून त्याचा खारटपणाही उतरतो. त्यात बोटींचं डिझेल आणि गावाचं सांडपाणी. कॅनमध्ये दोन दिवस राहिलं की आतलं प्लवक मरून पाणी नासतं. तयार मीठ घ्या. लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम लागतं, म्हणजे २० किलोच्या बादलीत साधारण साडेपाचशे लिटर होतं. स्वयंपाकाच्या मिठाचा विचारही नको. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्षारता यातलं काहीच नसतं, आणि कोरलचा सांगाडा त्यावरच उभा राहतो.

झुळूकताई, "मीठ टाकलं की झालं" म्हणणाऱ्या दुकानात जाऊ नका.

हिशेबनीस | ४ मार्च, दुपारी १:१२

सवयीने बेरीज केली. रिटर्न पंप (सम्पचं पाणी वर आणणारा) ४० वॅट, २४ तास, जवळपास १ युनिट. दोन वेव्हमेकर मिळून २० वॅट, अर्धं युनिट. स्किमर १५ वॅट, ०.३६. लाइट १२० वॅट, नऊ तास, १.०८. चिलर (पाणी गार करणारं यंत्र) २५० वॅट, उन्हाळ्यात दिवसाला दहा तास चालला तर अडीच. दिवसाला साधारण ५.४, महिन्याला १६० च्या पुढे-मागे.

गंमत पुढे आहे. आत्ता तुमचं बिल २०० युनिटचं असेल तर ते ३६० होणार. म्हणजे ३०० ची रेघ ओलांडून वरच्या टप्प्यात जाणार, आणि वरची ६० युनिटं खालच्यांपेक्षा महाग पडणार. मासे पाळायच्या आधी घरातला गीझर कोण किती वेळ चालू ठेवतं ते बघा.

वाडासंस्कृती | ४ मार्च, दुपारी ३:२६

चिलर कशाला? आम्ही पेठेत राहतो, जुनं घर, जाड भिंती. पाण्यावर तिरके दोन लहान पंखे लावलेत, कॉम्प्युटरमध्ये असतात तसले. एप्रिलमध्ये बाहेर ३९ असताना टाकी २७ वर. दोन-तीन अंश आरामात उतरतात. चार वर्षं झाली. चिलर ही आयटीवाल्यांची चैन.

लाटांकित | ४ मार्च, दुपारी ४:००

पेठेतल्या भिंती सगळ्यांना कुठून आणायच्या? पण पंख्याचं म्हणणं बरोबर आहे, आणि पुण्यात तर जास्तच बरोबर. पंखा गार करतो तो पाणी उडवून. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे हवा कोरडी असते, म्हणजे गरज असते तेव्हाच पंखा जोरात काम करतो. मुंबईकराला ती सोय नाही, दमट हवेत पाणी उडतच नाही. आपल्याकडे जुलैत हवा दमट होते, पण तेव्हा चिलरही लागत नाही. फक्त पंख्याने रोज पाच-सहा लिटर उडतील, तेव्हा ऑटो टॉप-ऑफ हवाच. बादलीत तरंगता स्विच आणि छोटा पंप, एवढंच असतं ते. पश्चिमेची खिडकी आणि वरच्या मजल्यावरचा फ्लॅट असेल तर मात्र चिलर. टाकी ३१ वर चार दिवस राहिली की कोरल पांढरं पडतं.

मुठाकाठ | ४ मार्च, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार. हॉलची खिडकी पश्चिमेलाच आहे. :-( आणि एक भाबडा प्रश्न. गोड्या टाकीत मी मुठेतले काळे दगड धुऊन वापरलेत, छान दिसतात. रीफमध्ये तेच चालतील?

कातळशिल्प | ४ मार्च, रात्री १०:३५

मुठेतला दगड म्हणजे बेसाल्ट, आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण. रीफमध्ये वापरतात तो चुनखडीच्या जातीचा, पूर्वीच्या कोरलांच्या सांगाड्यांचा, आतून जाळीदार. जिवाणूंना राहायला जागा हवी, ती बेसाल्टमध्ये फारशी नसते. काही थरांत लोह आणि इतर धातू असतात, ते वेगळंच. बागेत ठेवा.

पण मी लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणाने. मूळचा रत्नागिरीचा, शिक्षण सागरी जीवशास्त्राचं, आता पुण्यात खुर्चीवर बसून काम करतो. धाग्यात सगळं आलं, कायदा आला नाही.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून रीफ बांधणारी सगळी कठीण कोरल, काळी कोरल, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि समुद्रपंखे आहेत. त्याच यादीत वाघ आहे. समुद्रघोडे आणि समुद्रकाकडीही त्याच सुमारास आले. म्हणजे मन्नारच्या आखातातून किंवा लक्षद्वीपहून "लोकल" कोरल किंवा जिवंत दगड आलाय असं दुकानदार हळूच सांगत असेल तर तो तुम्हाला गुन्ह्यात भागीदार करतोय. परदेशातून परवान्याने आलेल्या कोरलांची कागदपत्रं असतात, ती मागा. २०२२ च्या दुरुस्तीने साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले परदेशी जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने नोंदणी करायची तरतूदही आणलीय. कागद मागितल्यावर विषय बदलणाऱ्या दुकानातून बाहेर पडा.

आणि मालवणला तुम्हाला जे हलताना दिसलं ते १९८७ पासून अभयारण्यात आहे. तिथे ते तसंच हलू दे.

खाराशेंगदाणा | ४ मार्च, रात्री १०:४४

आता कळलं, आमच्या कॉलनीतला रीफवाला दार अर्धंच का उघडतो.

अर्धवट_डिस्कस | ४ मार्च, रात्री ११:१०

कातळशिल्प यांच्याशी शंभर टक्के सहमत, आणि म्हणूनच म्हणतो, हा छंदच मुळात चूक आहे. एकीकडे लक्षद्वीपची कोरलं १९९८, २०१०, २०१६ अशी उष्णतेने पांढरी पडतायत आणि आपण हॉलमध्ये चिलर लावून चार तुकडे जगवतोय. तो चिलर कोळशाच्या विजेवर चालतो.

लाटांकित | ५ मार्च, सकाळी ६:५५

एसी लावून झोपता का? सहज विचारलं.

चिडून नाही, खरंच सांगतो. माझ्या टाकीतलं जवळपास सगळं दुसऱ्या छंदवाल्यांकडून कापून घेतलेल्या फ्रॅगपासून (कोरलच्या तुकड्यांपासून) वाढलंय. तुम्ही झाडाची फांदी कापून दुसऱ्याला देता तसंच. मीही आजवर पस्तीस-चाळीस फ्रॅग दिलेत. समुद्रातून नव्याने ओरबाडावं लागू नये, यासाठी हाच मार्ग आहे. माशांचंही तसंच. क्लाउनफिशची (तोच केशरी-पांढरा मासा) पैदास कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्याकडे करून दाखवलीय. टाकीत जन्मलेला क्लाउन मागा. तो पेलेट खातो, टाकीला सरावलेला असतो, रोगही कमी आणतो. टँगची पैदास मात्र अजून क्वचितच होते, आणि मुठाकाठ, दीडशे-दोनशे लिटरमध्ये टँग ठेवू नका. तुमचे दोन का गेले असतील, डिस्कसकाका, त्याचं निम्मं उत्तर त्यात आहे.

अर्धवट_डिस्कस | ५ मार्च, सकाळी ७:३०

काका? माझं वय ३८ आहे.

(टँगचं कबूल. टाकी तीन फुटी होती.)

झुळूक | ५ मार्च, सकाळी १०:१५

क्लाउनला अॅनिमोन (तो ज्यात राहतो तो फुलासारखा समुद्रजीव) लागतंच का? लेकीच्या मते त्याशिवाय तो "बेघर" आहे.

लाटांकित | ५ मार्च, सकाळी १०:४०

मुळीच लागत नाही. नव्या टाकीत तर अॅनिमोन आणूच नका, टाकी वर्षभर मुरलेली असली की मग. ते चालतं. चालत चालत वेव्हमेकरमध्ये जातं आणि मग सगळ्या टाकीची भेळ होते. माझी क्लाउनची जोडी दोन वर्षं पंपाच्या कोपऱ्यातच घर करून होती.

आणखी एक, लेकीला सांगा किंवा सांगू नका. क्लाउनमध्ये सगळ्यात मोठी असते ती मादी, घर तिचं. ती गेली की नवरा स्वतःच मादी होतो आणि खालच्या पिल्लाला बढती मिळते.

खाराशेंगदाणा | ५ मार्च, सकाळी १०:४७

आमच्या घरात पहिलं वाक्य लागू आहे. पुढचं बायकोला वाचून दाखवणार नाही.

एकोणीसशे_पासष्ट | ५ मार्च, दुपारी १२:२०

वरचं नाव म्हणजे माझं जन्मसाल. गप्पा छान चालल्यात. मी मासे पाळत नाही, बघतो.

वडील मला तारापोरवाला मत्स्यालयात घेऊन गेले तेव्हा मी सात वर्षांचा असेन. १९५१ चं ते मत्स्यालय, मरीन ड्राइव्हला. पुण्याहून डेक्कन क्वीनने गेलो होतो आणि माझ्या डोक्यात अजूनही गाडी आणि मासे एकत्रच आहेत. अंधारी गल्ली, दोन्ही बाजूंना उजेडाच्या खिडक्या. एका खिडकीत कासव होतं, ते माझ्याकडे बघून इतक्या सावकाश वळलं की मी वडिलांचा हात सोडून तिथेच थांबलो. ते पुढे निघून गेले. मग शोधाशोध, मग एक चपराक, मग आइस्क्रीम.

नंतर संभाजी बागेतल्या मत्स्यालयात मुलांना नेलं. आता नातवंडं मोबाइलवर दाखवतात. त्यात ते वळणं नसतं. मुठाकाठ, कराच. फक्त एखादा रविवार लोकांना बघायला दार उघडं ठेवा.

मुठाकाठ | ५ मार्च, दुपारी १:०५

काका, केलं तर पहिलं बोलावणं तुम्हाला.

पेठेतली_सून | ५ मार्च, रात्री ८:३०

कोणीच न सांगितलेलं एक. आमचा छोटा ६० लिटरचा रीफ होता. सासूबाईंचा विरोध, नवऱ्याचा उत्साह, साफसफाई माझी. डेंग्यूच्या दिवसांत खाली औषधाच्या धुराची फवारणी झाली. खिडक्या लावल्या, पण एअरपंप गॅलरीत होता. त्याने तो धूर ओढून टाकीत बुडबुडे सोडले. तासाभरात दोन क्लीनर कोळंब्या उलट्या. मासे रात्री गेले. नंतर वाचलं की डास-झुरळांच्या औषधातली पायरेथ्रॉइड मासे आणि कोळंबीवर फार वाईट काम करतात. झुरळांचा स्प्रे, पेस्ट कंट्रोल, डासांची कॉइल, सगळं लक्षात ठेवा. पंप कुठली हवा ओढतोय ते बघा.

आणि हो, लहान टाकी सोपी असते हा गैरसमज आहे. ६० लिटरमध्ये एक दिवस पाणी घालायला विसरलं की लगेच खारटपणा हलतो.

तीनफुटी | ५ मार्च, रात्री ९:१४

+१. माझं योगदान: मध्यरात्री टाकीतून टक्, टक्. मला वाटलं काच तडकतेय. आठ दिवस झोप नाही. जिवंत दगडातून मँटिस कोळंबी आली होती. तिचा ठोसा इतका जबर की शिंपला फुटतो. पकडायला दीड महिना लागला, तोवर तिने माझे सगळे हर्मिट खेकडे संपवले. जेवण झालं की टक्, म्हणजे ढेकर.

कातळशिल्प | ५ मार्च, रात्री ९:४०

म्हणून कोरडा किंवा सिरॅमिकचा दगड घ्यावा. पाहुणे येत नाहीत आणि समुद्राचाही तोडावा लागत नाही. सायकल सावकाश होते, होऊ दे.

दगड घासताना हातमोजे आणि चष्मा घाला. झोअँथिड आणि पॅलिथोआ या बटणांसारख्या दिसणाऱ्या सुंदर जीवांपैकी काहींत पॅलिटॉक्सिन असतं, निसर्गातल्या अतिजहाल विषांपैकी एक. ते गरम पाण्यात उकळून साफ करायला गेलेली माणसं वाफेने दवाखान्यात पोचलीत. दगड कधीही उकळू नका. घरात लहान मूल असेल तर हे दोनदा वाचा.

हिशेबनीस | ५ मार्च, रात्री १०:०२

आणि ज्या गुरुवारी पाणी बंद, त्याच गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद, तेव्हा काय करायचं?

खाराशेंगदाणा | ५ मार्च, रात्री १०:०५

कोरलनेही गुरुवार धरायचा.

लाटांकित | ५ मार्च, रात्री १०:३०

फक्त एक डीसी वेव्हमेकर इन्व्हर्टरवर टाका. वीस वॅटच्या आत चालतो, बॅटरी दिवसभर पुरते. पाण्याचा पृष्ठभाग हलता राहिला की प्राणवायू मिळत राहतो. लाइट गेली तर गेली, कोरल ढगाळ दिवस समजतं. मिसळलेलं खारं पाणी वीस-पंचवीस लिटर कायम तयार ठेवा. हे मी एका गुरुवारीच शिकलो.

सोडियमखोर | ६ मार्च, सकाळी ८:४८

थोडं अवांतर. मॉली हा गोड्या पाण्याच्या दुकानात पन्नास रुपयांना मिळणारा मासा हळूहळू सवय करून पूर्ण खाऱ्या पाण्यात राहतो. मी थेंबाथेंबाने आठ दिवसांत नेला. शेवाळ खातो, पिल्लं घालतो, मेला तर काळजाला चटका बसतो पण खिशाला नाही. मुठाकाठांनी पहिल्या महिन्यात हेच करावं. मीटर बघायची सवय लागते.

अर्धवट_डिस्कस | ६ मार्च, सकाळी ९:२०

हे मला २०१६ साली कोणी का नाही सांगितलं?

झुळूक | २२ मार्च, दुपारी २:००

धागा झोपला वाटतं. मुठाकाठ, काय ठरलं? माझ्या लेकीने तोवर क्लाउनचं नाव ठरवलंय: बाळासाहेब. मादी झाला तर बदलू म्हणते.

मुठाकाठ | १९ ऑक्टोबर, रात्री ११:१५

मंडळी, उशिराबद्दल माफी. धाग्यावर टाकायला काहीतरी हवं म्हणून थांबलो होतो.

चार फुटी तशीच आहे, हिरवी. तिला हात लावला नाही. तिचे दगड मुठेचे, स्टँड लोखंडाचा, आणि तिच्यातला एंजल नऊ वर्षांचा आहे. त्याला कुठे टाकू? वेगळी अडीच फुटी घेतली, दीडशे लिटर, एका छंद सोडणाऱ्याकडून, सम्पसकट. लाकडी स्टँड, पश्चिमेच्या खिडकीपासून लांब, आतल्या खोलीत. बायकोची पहिली अट त्यातच सुटली. मेमध्ये पंख्यांवर २८ च्या वर गेली नाही. वाडासंस्कृती यांना पेठेत येऊन नमस्कार करीन.

दगड सिरॅमिकचा. सायकलला नऊ आठवडे लागले. एकदा बाटलीतले जिवाणू आणायला निघालो होतो, हा धागा उघडून वाचला आणि परत फिरलो. पहिले रहिवासी तीन मॉली. मग तपकिरी शेवाळ, मग लाल चिकट थर, जुलैभर टाकी म्हणजे आठवडी बाजारानंतरचं मैदान. ऑगस्टअखेर ते आपोआप ओसरलं. टाकीत जन्मलेली क्लाउनची जोडी आहे, मोठी कोण ते अजून ठरत नाहीये, रोज भांडतात. लाटांकित यांनी मश्रूम कोरल आणि एक लेदर कोरलचा फ्रॅग दिला, पैसे घेतले नाहीत, दोन कप चहा घेतला. कठीण कोरल नाही. कागदपत्रं दाखवणारा दुकानदार भेटेपर्यंत नाही. आजवर पाच दुकानांत विचारलं, दोघांनी विषय बदलला, एकाने चहा पाजला.

गणपतीत गावाला गेलो. पाच दिवस. शेजारच्या सातवीतल्या पोराला टॉप-ऑफची बादली भरायला आणि रोज फोटो पाठवायला शिकवलं. त्याने दिवसाला वीस फोटो पाठवले. आरती चालू असताना मी १.०२५ बघत होतो. ते आईने बघितलं, मग आईने मला बघितलं.

एकोणीसशे_पासष्ट काका येऊन गेले. पाऊण तास खुर्चीवर बसले. काही बोलले नाहीत. जाताना म्हणाले, कासव नाही ते बरंय.

खर्च ९४ हजार, चिलर न घेता.

आता नवीन अडचण. गेले चार दिवस रात्री टँकमधून टक् असा आवाज येतो. एकच. थांबून परत. दगड सिरॅमिकचा आहे, मग मँटिस कुठून येणार? तीनफुटी, काही सांगा.

लाटांकित | २० ऑक्टोबर, सकाळी ७:१०

रिटर्न पंपाच्या इम्पेलरवर चुना बसला असेल. काढून पाण्यात थोडं व्हिनेगर घालून तासभर भिजवा, धुवा, परत लावा. तरी थांबला नाही तर रात्री टॉर्चवर लाल जिलेटिन लावून बघा. फ्रॅग माझ्याकडचा आहे, त्यामुळे मी जपून बोलतोय.

खाराशेंगदाणा | २० ऑक्टोबर, सकाळी ७:४४

घरी ५० सांगितले होते ना? वरचे ४४ दार ठोठावतायत.

मुठाकाठ | २० ऑक्टोबर, सकाळी ७:५२

हळू. ती हा धागा वाचते हल्ली.